कंबरदुखीसाठी ईएमजी करून काही कळतं का?

तुम्ही लिहिलंय की बरेच महिने कंबर दुखतेय, एमआरआयमध्ये चकती थोडी सरकलेली दिसली आणि आता ईएमजी (स्नायूंतले विजेचे संकेत मोजणारी तपासणी) करायला सांगितलीय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आधी एकच विचारते: दुखणं कंबरेपुरतंच आहे की पायातही उतरतंय?

पायात कळ, मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर सुईची ईएमजी जरूर करा. चकती सरकलेली पण काहीच दुखत नाही अशी माणसं भरपूर असतात, त्यामुळे एमआरआयवरून नसेला खरंच इजा झालीय का हे ठरत नाही. ते सुई सांगते. निरोगी स्नायू सैल सोडला की त्यात विजेची हालचाल नसते. नस दुखावली असेल तर पडल्यापडल्याही संकेत उमटत राहतात. पाऊल वर उचलता येत नसेल तर नडगीपुढचा स्नायू तपासतात आणि कुल्ल्याच्या बाजूचाही. दोघांच्या नसा वेगळ्या, पण मुख्यतः मणक्यातून निघणाऱ्या एकाच मुळातून, एल-५ (कंबरेच्या पाचव्या मणक्याखालून निघणारं नसेचं मूळ) मधून, येणाऱ्या. दोन्हीकडे बिघाड दिसला तर दोष बहुधा मणक्यापाशी, फक्त नडगीत दिसला तर गुडघ्याजवळ नस दबली असण्याची शक्यता जास्त. मात्र पायाच्या स्नायूंत हे बदल दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तुमचं दुखणं खोटं ठरत नाही, हे कुणी काहीही म्हणो, लक्षात ठेवा. नुसती चिडलेली नस या तपासणीत सापडत नाही.

कातडीवर पट्ट्या चिकटवून करतात ती ईएमजी वेगळी. पूर्ण वाकल्यावर पाठीचे स्नायू शांत होतात, हे फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी १९५० च्या दशकातच दाखवलं. जुनी कंबरदुखी असलेल्या अनेकांत ते शांत होत नाहीत, पडद्यावरची रेघ फडफडतच राहते. ती रेघ बघून पाठ सैल सोडायला शिकवता येतं, मी शिकवतेही. पण दुखण्याचं मूळ चकतीत आहे की सांध्यात, हे त्यातून कळत नाही. नुसत्या रंगीत आलेखावर निदान सांगून कुणी महागडे उपचार सुचवले तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा, आणि त्या दिवशी पायाला तेल किंवा मलम लावू नका. लघवी अडली, तिच्यावरचा ताबा गेला किंवा जांघेत बधिर वाटू लागलं तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न बघता तडक रुग्णालयात जा.