एसडीजी (यूएनची शाश्वत विकास उद्दिष्टं) मॉनिटरिंगमध्ये नवीन आहात? मग आधी हे बघा
17 गोल आणि 169 टार्गेट एकदम अंगावर घेऊ नका, दमून जाल. एकच धरा. उदा. 6.2, म्हणजे सगळ्यांना शौचालय. 2 ऑक्टोबर 2019 ला भारताचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला आणि 2019-21 च्या एनएफएचएस-5 मध्ये, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातली साधारण 19 टक्के घरं कुठलंच शौचालय वापरत नाहीत असं आलं. एकीकडे बांधलेले संडास मोजले, दुसरीकडे वापर विचारला. आपलं काम नेमकं याच फटीत आहे, म्हणून गावात गेलात की नुसतं दार बघून परत येऊ नका, पाणी येतं का, म्हाताऱ्या माणसाला बसता येतं का, बाया रात्री कुठे जातात, सगळं विचारा आणि तारीख टाकून लिहा.

व्हीएनआर, म्हणजे देश स्वतःहून यूएनपुढे मांडतो तो रिपोर्ट, वाचाच. भारत आणि बांगलादेश दोघांनीही 2017, 2020, 2025 ला दिलाय, नेपाळ-श्रीलंकेचेही चाळा. सरासरीवर जाऊ नका, दलित, आदिवासी, अपंग यांचे वेगळे आकडे आहेत का बघा, नसतील तर तोच तुमच्या शॅडो रिपोर्टचा, म्हणजे सरकारी रिपोर्टला समांतर तुम्ही लिहिता त्या रिपोर्टचा, पहिला मुद्दा.

टायमिंग फार महत्त्वाचं. व्हीएनआर मांडला जातो ती यूएनची बैठक जुलैत असते, सरकारी ड्राफ्ट त्याच्या कितीतरी आधी बनतो, तेव्हाच तुमचं म्हणणं नीती आयोगाकडे लेखी द्या, नंतर कोणी ऐकत नाही. आणि पाठवण्याआधी तुमच्या रिपोर्टची दोन पानं गावात नेऊन त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, लोक बरोब्बर चुका काढतात.