आंबा घाट, ओहोटी आणि दोन दिवसांची रत्नागिरी

दिवाळीच्या सुट्टीत स्वतःची गाडी काढून रत्नागिरीला जाऊन यायचं, असं ठरवलेल्या कोल्हापूरकर वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. त्यांतले सर्वांच्या उपयोगाचे निवडून इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं (वय ७ आणि ११). पाडव्याला निघून भाऊबीजेला परत यायचं आहे. पहाटे चारला निघालं की दुपारपर्यंत निम्मी रत्नागिरी बघून होते, असं यांचं म्हणणं. खरं का? (राजारामपुरी)

चारला निघू नका. अंतर सुमारे १३० किलोमीटर. मुलं आणि वयस्कर माणूस बरोबर असलं की थांबत थांबत चार-साडेचार तास धरायचे. पहाटे निघालात तर शिवाजी पूल ओलांडल्यापासून वाघबीळ, बांबवडे हा सगळा टप्पा अंधारात जातो, आणि हे दिवस ऊसतोडीचे. ट्रॉलीचा मागचा दिवा असलाच तर बाहेर आलेल्या मोळ्यांनी झाकलेला असतो. बैलगाडीला फार तर रेडियमची पट्टी. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की पुढची उभी ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शिवाय इतक्या लवकर आंब्याला पोचलात तर घाटात धुकं असण्याची शक्यता जास्त.

साडेसहाला, उजाडताना निघा. मलकापूर आठपर्यंत येतं, आंबा गावात पावणेनऊ. तिथे पंधरा मिनिटं सगळ्यांनी पाय मोकळे करायचे, मगच घाट. पुढे साखरपा, पाली, हातखंबा करत अकरा-साडेअकराला रत्नागिरी. चौपदरीकरणाच्या कामामुळे एखाद्या ठिकाणी वळवलं तर अर्धा तास आणखी. परतीला दुपारी एकच्या आत रत्नागिरी सोडा. घाट आणि ट्रॉल्या दोन्ही उजेडात मागे पडतात.

दोन दिवसांत चार गोष्टी पुरेत. टिळकांचं जन्मस्थान (जन्म १८५६), थिबा राजवाडा, भाट्याचा किनारा आणि रत्नदुर्ग किल्ला. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला इथे आणून ठेवलं. राजवाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. हे मुलांना गाडीतच सांगून ठेवा, नाहीतर रिकाम्या खोल्या बघून ती दहा मिनिटांत कंटाळतील. सरकारी संग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात, तेव्हा वार बघून बेत आखा. गणपतीपुळे आरे-वारेच्या रस्त्याने २५ किलोमीटरच आहे, पण सुट्टीत दर्शनाच्या रांगेत अर्धा दिवस जातो. पुळे घ्यायचंच असेल तर रत्नदुर्ग आणि राजवाडा सोडा.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. घाट लागला की हमखास उलटी करते. काही खायला न देता नेलं तर चालेल का? (शिवाजी पेठ)

नाही. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की आपण हलतोय, आणि मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर खिळलेले डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत. या भांडणातून उलटी होते. म्हणून पहिला उपाय डोळ्यांचा. तिला मागच्याच सीटवर, पण लहान मुलांच्या उंच सीटवर बेल्ट लावून बसवा, म्हणजे समोरच्या काचेतून लांबचा रस्ता दिसेल. पुढे मांडीवर घेऊन बसायचं नाही. एअरबॅग उघडली तर मुलाच्या जिवावर बेतते. मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक आंब्याला पिशवीत जाऊ द्या.

घाटाच्या दीड तास आधी अर्धी पोळी किंवा टोस्ट, वर दोन घोट पाणी. दूध नको, फरसाण नको, आणि निघताना कोपऱ्यावरची मिसळ तर नकोच. फराळाचा डबा पाठवलाच असेल कुणी, तर त्यातली शंकरपाळी चालतील; चकली-चिवडा खोलीवर पोचल्यावर. गाडीतला सुगंधी डबा आदल्या रात्रीच काढून ठेवा. उलटीचं औषध मुलांच्या डॉक्टरांना वजन सांगून विचारा. ते साधारण अर्धा ते एक तास आधी द्यावं लागतं, म्हणजे मलकापूरच्या अलीकडे. मळमळ सुरू झाल्यावर दिलं तर तेच बाहेर येतं. मोठ्यांची गोळी अंदाजाने अर्धी मोडून देऊ नका.

चालवणाऱ्याचाही यात वाटा आहे. वळणात शिरून ब्रेक दाबला की गाडीबरोबर पोटही हेलकावतं. वेग वळणाच्या आधी कमी करायचा आणि वळण एका लयीत घ्यायचं.

एकात एक घातलेल्या दोन प्लास्टिक पिशव्या, ओला नॅपकिन आणि एक जादा फ्रॉक हाताशी ठेवा, डिकीत नाही. उलटी झालीच तर चूळ भरायला लावा आणि पंधरा-वीस मिनिटं काही देऊ नका. मग चमच्याने थोडं थोडं पाणी. गटागटा प्यायलं की पुन्हा तेच.

प्रश्न : मागच्या वेळी घाट उतरताना जळका वास आला आणि ब्रेक खाली जायला लागला. मेकॅनिक म्हणतो, ब्रेकमध्ये काही दोष नाही. मग झालं काय? (कसबा बावडा)

ब्रेक सतत दाबून उतरलात. पाच माणसं आणि सामान घेऊन उतरणाऱ्या गाडीचा सगळा जोर ब्रेक पॅडवर येतो, ते तापतात आणि पकड सुटत जाते. वास त्याचाच. पॅडल मऊ पडून खाली जाणं ही पुढची पायरी आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. जुन्या ऑइलमध्ये ते साठलेलं असतं आणि तापलं की त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि चाकाला जोर पोचत नाही. गाडी थंड झाली की वाफ निवते. गॅरेजमध्ये ब्रेक चांगला लागतो तो त्यामुळे. ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील तर निघण्याआधी बदलून घ्या.

उतरताना जुना नियम पाळा : जो गिअर चढायला लागतो, तोच उतरायला. आंबा घाटात बहुतेक वेळ दुसरा. गिअरच गाडी धरून ठेवतो. ब्रेक थोडा वेळ ठाम दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. ऑटोमॅटिक असेल तर डी वर सोडून देऊ नका. एल किंवा मॅन्युअलवर घेऊन खालचा गिअर ठेवा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून भेटतात. इंजिन बंद केलं तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा दाबल्यावर संपते, स्टेअरिंगही जड होतं. आणि आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसेल तर इंजिन जवळपास इंधन घेतच नाही, त्यामुळे वाचतही काही नाही.

वास आलाच तर रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास थांबा. तापलेल्या चाकावर पाणी ओतायचं नाही, डिस्क वाकते. धुकं असेल तर लो बीम. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवायची पद्धत पडली आहे ती चुकीची. तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळत नाही.

टायरची हवा निघण्याआधी, टायर थंड असताना बघा. पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, तो रिकाम्या गाडीपेक्षा जास्त असतो. स्टेपनीतली हवा कुणीच बघत नाही. ती बघा.

प्रश्न : गाडी सीएनजीवर आहे. परतीला घाट चढेल का? (उजळाईवाडी)

चढेल, पण दम कमी पडतो. साखरप्याला पेट्रोलवर घ्या. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून साडेतीनशे किलोमीटर होतात, दोन्ही टाक्या कोल्हापुरातच भरून घ्या. चढताना तापमानाचा काटा वर गेला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा आणि जागा मिळताच थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

प्रश्न : मुलांना समुद्रात कधी सोडावं? संध्याकाळी पाणी शांत वाटतं. (रुईकर कॉलनी)

शांत दिसतं तेव्हाच ते आत ओढत असू शकतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. रत्नागिरीला अर्धा-पाऊण तास अलीकडे धरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाडव्याला आणि भाऊबीजेला भरती दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान येते, म्हणजे संध्याकाळी चार-साडेसहाला, जेव्हा सगळं कोल्हापूर पाण्यात उतरतं, तेव्हा पाणी आत जात असतं. त्यातून अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणून ओढही जास्त.

तेव्हा या दोन दिवसांत संध्याकाळ वाळूची आणि सकाळी आठ ते अकरा पाण्याची. पाणी मुलांच्या गुडघ्यापर्यंतच, मोठं माणूस हाताच्या अंतरावर आणि समुद्राच्या बाजूला उभं. भाट्याला काजळी नदीच्या मुखाकडे जाऊ नका, तिथे खाडीचा प्रवाह वेगळा असतो. कुणी ओढला गेलाच तर किनाऱ्याकडे झुंजत पोहायचं नाही. किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, ओढ संपली की मग किनाऱ्याकडे यायचं.

प्रश्न : येताना मासे आणले तर टिकतील का? (मंगळवार पेठ)

टिकतील, पण बर्फात काटकसर नको. जितके किलो मासे तितके किलो बर्फ, चुरा करून, थर्माकोलच्या खोक्यात एक थर बर्फाचा, एक माशांचा. तळाला छोटं भोक पाडून खाली टोपलं ठेवा, वितळलेल्या पाण्यात मासा बुडाला की मऊ पडतो. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर निघायच्या तासभर आधीच जा. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला लाल, बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. सुरमई अख्खी घ्या, तुकडे घरी. बांगड्याला जपा. तो उबेत राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही आणि खाल्ल्यावर अंगावर लाली, डोकेदुखी सुरू होते. खोकं उन्हाच्या बाजूला ठेवू नका आणि वाटेत उघडून बघू नका.