आमचा नऊ जणांचा ग्रुप स्कूबा डायव्हिंगसाठी परदेशी जायचं म्हणतोय. मालदीव, बाली की थायलंड?

तुम्ही नऊ जण, वयं ३२ ते ५६. सहा जणांनी मालवणला एकेकदा स्कूबा केलंय, तिघांनी अजिबात नाही, आणि त्या तिघांतल्या दोघांना पोहताच येत नाही. पुढच्या मे महिन्यात हातात आठ दिवस आहेत. एवढं वाचून माझं मत पडतं बालीला, आणि बालीतही ईशान्य किनाऱ्यावरच्या तुलांबेनला.

आधी दिवसांचा हिशेब करा. जायचे-यायचे दोन गेले. लागोपाठ डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास पाण्याबाहेर राहावं लागतं, बरेच जण २४ धरतात, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाशच बाहेर पडतो आणि उंचीवरच्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणजे आणखी एक दिवस गेला. उरले पाच. ओपन वॉटरचा कोर्स, म्हणजे डायव्हिंगचा पहिला सर्टिफिकेट कोर्स, तिथेच करायचा म्हटलं तर त्यातले तीन-चार कोर्सलाच जाणार. म्हणून थिअरी घरी ऑनलाइन करा, पोहण्याच्या तलावातला भाग पुण्या-मुंबईत प्रशिक्षकाकडे उरका, आणि तिकडे फक्त समुद्रातल्या चार डाइव्ह ठेवा. याला रेफरल म्हणतात. दोन दिवसांत सर्टिफिकेट मिळतं आणि १८ मीटरपर्यंत जायची मुभा होते.

'मालवणला केलंय की, मग कोर्स कशाला?' असं ग्रुपमधलं कुणीतरी म्हणेलच. मालवणला प्रशिक्षक मागून टाकी धरून आपल्याला फिरवतो, आपण फक्त श्वास घ्यायचा असतो. पहिल्या वेळी तेच बरोबर आहे, माझीही सुरुवात तिथलीच. पण मास्कमध्ये पाणी शिरलं तर काढायचं कसं, तोंडातला रेग्युलेटर (टाकीतली हवा देणारं नळीचं तोंड) निसटला तर हात कुठून फिरवून तो शोधायचा, जोडीदाराची हवा संपत आली तर काय करायचं, हे त्या अर्ध्या तासात शिकवलेलं नसतं.

मालदीव मला जिवापाड आवडतं, पण तुमच्यासाठी ते दुसऱ्या वर्षी. तिथल्या खऱ्या नावाजलेल्या जागा बेटांच्या कड्यांमधल्या समुद्री वाटांच्या तोंडाशी आणि पाण्याखालच्या टेकड्यांवर आहेत, आणि प्रवाह ओढून नेतो. बोटीवरच राहून डायव्हिंग करायच्या सहलींना बरेच जण ॲडव्हान्स्ड सर्टिफिकेट आणि पन्नासेक डाइव्हची नोंद मागतात, ते उगाच नाही. शिवाय मे म्हणजे तिथे पावसाळ्याचं तोंड. थायलंडची सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. कोह ताओ उघडं असतं आणि कोर्ससाठी स्वस्तही आहे. कुणाला फक्त सर्टिफिकेटच हवं असेल तर ते चांगलं.

तुलांबेन का, ते सांगते. मेमध्ये बालीत कोरडा ऋतू असतो. तिथे बोटच लागत नाही. किनारा काळ्या गोट्यांचा आहे, त्यावरून हळूहळू चालत पाण्यात शिरायचं. तुमची टाकी गावातल्या बायका डोक्यावरून आणून देतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक मावशी कापडाच्या चुंबळीवर आडवी टाकी ठेवून, हात न लावता, त्या घसरत्या गोट्यांवरून झपझप पुढे गेल्या, आणि मी मात्र फिन (पायात घालायचे रबरी पंख) हातात घेऊन पावलापावलाला अडखळत होते. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर 'लिबर्टी' नावाचं अमेरिकी मालवाहू जहाज आहे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते निकामी झालं, ओढत आणून तुलांबेनच्या किनाऱ्याला लावलं गेलं, आणि १९६३ मध्ये अगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात सरकून पाण्याखाली गेलं. त्याचा वरचा भाग जेमतेम पाच मीटरवर आहे, तळ तिशीच्या आसपास. म्हणजे नवशिक्याला आणि सरावलेल्याला एकाच जागी जाता येतं, आणि न पोहणारेही लाइफ जॅकेट घालून किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करू शकतात. नऊ जणांची पांगापांग होत नाही.

आता जागेहून महत्त्वाचं. आम्ही सात जण बालीजवळच्या नुसा पेनिडा बेटावर डायव्हिंगला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्यातल्या एका मैत्रिणीचं नाक चोंदलं होतं. बोटीत ती म्हणाली, 'मी आज राहू का?' आम्ही सगळे तिच्या मागे लागलो. 'अगं चल, एवढ्या लांब आलोय, पैसे भरलेत.' यातलं शेवटचं वाक्य माझं होतं. चार मीटरवर तिने हात हलवून कानाकडे बोट दाखवलं. कानावर सगळ्यात जास्त ताण पहिल्या दहा मीटरमध्येच येतो, कारण तेवढ्यात दाब दुप्पट होतो. कान उघडत नसले तर थोडं वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. पण सगळे खाली चाललेले पाहून तिने जोर लावला. वर आली तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं. मधल्या कानाला इजा झाली होती, डॉक्टरांनी डायव्हिंग बंद करायला सांगितलं आणि उरलेले चार दिवस ती किनाऱ्यावर बसून होती. ते माझ्या मनातून आजही जात नाही.

डायव्हिंगमधला जुना नियम आहे: कुणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह रद्द करू शकतो. एकट्याने गेलं तर हा पाळायला सोपा, मित्रांच्या घोळक्यात फार अवघड. म्हणून आमच्या ग्रुपने तेव्हापासून एक केलं. रद्द झालेल्या डाइव्हचे पैसे सगळ्यांच्या कॉन्ट्रीतून जातात, एकट्याच्या खिशातून नाही. आणि सकाळी चहा घेताना प्रत्येकाने 'हो' किंवा 'नाही' एवढंच सांगायचं. 'का?' विचारायचं नाही. तुम्ही निघायच्या आधी हे ठरवा, तिथे पोचल्यावर ठरत नाही.

खुणांचाही सराव करून जा. आपल्याला अंगठा वर करून 'मस्त' म्हणायची सवय असते, पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर जायचंय' असा होतो. 'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ.

टूर कंपनीच्या 'बाली विथ स्कूबा' पॅकेजमध्ये बहुधा दक्षिण बालीतल्या तंजुंग बनोआ किनाऱ्यावर एक छोटी डाइव्ह असते, ती तुमच्या कामाची नाही. थेट तुलांबेनच्या डाइव्ह सेंटरला लिहा आणि विचारा: एका गाइडमागे किती जण (चारच्या वर नको), जागेवर ऑक्सिजन आहे का, काही झालं तर देनपसारच्या रुग्णालयातल्या प्रेशर चेंबरपर्यंत (नायट्रोजनच्या बुडबुड्यांच्या त्रासावर उपचार करायची दाबाची खोली) नेण्याची व्यवस्था काय. रस्त्याने तीनेक तास लागतात. साध्या प्रवास विम्यात स्कूबा अनेकदा वगळलेलं असतं, म्हणून पॉलिसी नीट वाचा किंवा डॅनसारखा डायव्हर्सचा विमा घ्या. आणि डाइव्ह केलेल्या दिवशी किंतामणीला जायचा बेत करू नका. ते बालीतलं डोंगरी ठिकाण दीड हजार मीटर उंचीवर आहे, विमानाचाच धोका तिथेही.

५६ वर्षांच्या सदस्यांनी आणि ४५ च्या पुढच्या सगळ्यांनीच डायव्हिंगचा मेडिकल फॉर्म आत्ताच डाउनलोड करून आपल्या डॉक्टरांना दाखवावा. दमा, बीपी, कानाचं जुनं ऑपरेशन लपवू नका. तिथे पोचल्यावर त्यातल्या काही प्रश्नांपैकी एकालाही 'हो' आलं तर डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत.

राहिले पोहता न येणारे दोघं. कोर्सला न थांबता २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं एवढंच लागतं, वेळेची अट नाही. मे यायला अजून अवकाश आहे. एप्रिलमध्ये तलावावर लहान मुलांची झुंबड उडते, म्हणून या दोघांना त्याआधीच, आत्ता चालू महिन्यात, सकाळच्या बॅचला घाला. त्यातूनही नाही जमलं तर प्रशिक्षकासोबतची १२ मीटरपर्यंतची डाइव्ह त्यांनाही करता येईल, त्याला पोहण्याची परीक्षा नसते.