पेन्शन किती, यापेक्षा कुणाला आणि कधीपर्यंत?

माझ्याकडे कारखान्यांतून निवृत्त व्हायला आलेले लोक पैशांच्या सल्ल्यासाठी येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "महिन्याला हातात किती पडणार?" त्यामागे न बोललेला दुसराही प्रश्न असतो. भावाला, मेव्हण्याला, शेजाऱ्याला सरकारी पेन्शन आहे, मग आपण आयुष्यभर राबून नक्की काय कमावलं? नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका काकांची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

काका ५८ व्या वर्षी निवृत्त होणार होते. २००४ पासून एकाच कारखान्यात मशीनवर. धाकटा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, नव्वदच्या दशकात लागलेला, म्हणजे जुन्या पेन्शनचा मानकरी. काकांनी आल्या आल्या भविष्य निर्वाह निधीचं पासबुक टेबलावर टाकलं आणि म्हणाले, "बघा, साडेतीन-पावणेचार हजार. ह्याला काय पेन्शन म्हणायचं? भाऊ हसेल मला." काकू शेजारी पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसलेल्या.

आकडा बरोबरच होता. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के जातात, तेही ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगारावर. ही मर्यादा आधी ६,५०० होती, सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. हिशेब असा : तो मर्यादित पगार, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. काकांचा खरा पगार तीस हजार असला तरी योजनेच्या लेखी पंधराच. वर ही पेन्शन महागाईप्रमाणे वाढत नाही. भावाचं वेगळं. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं, त्यावर महागाई भत्ता आणि तो वाढत जाणारा. पण त्याच शाळेत नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ही सोय आपोआप मिळाली नाही. त्यांचे पैसे राष्ट्रीय पेन्शन योजनेत गेले, तिथे बाजारावर अवलंबून साठा उभा राहतो. २०२३ च्या मार्चमधला सरकारी कर्मचाऱ्यांचा संप आठवत असेल, तो जुनी पेन्शन परत मिळावी यासाठीच होता. भावाशी तुलना करताना काका एका पिढीच्या नशिबाशी तुलना करत होते, हे मी त्यांना सांगितलं. पटलं की नाही कळलं नाही, पण खांदे जरा सैल पडले.

त्यांनी घरून एक बेत आणला होता : पेन्शन ५८ ला न घेता ६० पर्यंत थांबायचं. योजनेत दर वर्षाला चार टक्के वाढ मिळते. मी कागदावर मांडून दाखवलं. पेन्शन ३,६०० धरू. दोन वर्षं थांबलात तर ८६,४०० रुपये सोडायचे आणि पुढे महिन्याला मिळणार साधारण २८८ रुपये जास्त. सोडलेलं भरून निघायला तीनशे महिने, म्हणजे पंचवीस वर्षं! काका पंच्याऐंशीचे होईपर्यंत. हातात काही काम किंवा पगार असेल तर विचार करावा, नसेल तर कशाला थांबायचं?

मग मी काकूंकडे वळले. "काकू, काकांच्या माघारी तुम्हाला किती मिळेल, माहीत आहे?" काका चटकन म्हणाले, "अहो, आत्तापासून कशाला तसलं?" काकू म्हणाल्या, "मला विचारू दे ना. मी सात वर्षांनी लहान आहे यांच्यापेक्षा."

उत्तर : निम्मं, म्हणजे अठराशेच्या आसपास. भावाच्या बायकोला मिळणार शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के आणि त्यावर महागाई भत्ता. खरी दरी इथे आहे, आणि घरोघर याच जागेबद्दल बोलणं टाळलं जातं.

काकांना निवृत्तीनंतर भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून साधारण बावीस लाख मिळणार होते. त्यातले दहा पुण्यात फ्लॅट घेणाऱ्या मुलाला द्यायचं काकांनी मनाशी ठरवलंही होतं. मी काकूंना महिन्याचा खर्च लिहायला सांगितला. त्यांनी पिशवीतून जुनी डायरी काढली. किराणा, दूध, गॅस, वीज, काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, लग्नाकार्याचे आहेर. बेरीज अठरा हजार.

दहा लाख मुलाला दिले तर उरतात बारा. ते पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले, तर महिन्याला ८,२०० पडतात (हातात मात्र तिमाहीला येतात). पेन्शन धरून ११,८००. अठराचा खर्च कसा भागणार?

दुसरा मार्ग, मुलाला काही न देता : बारा लाख त्याच योजनेत, सहा लाख काकूंच्या नावावर पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ३,७०० आणि चार लाख आजारपणासाठी बाजूला. पेन्शन धरून एकूण १५,५००. उरलेलं काकूंच्या शिवणकामातून. साठीच्या आत निवृत्त झालेल्यांनी एक लक्षात ठेवावं : ज्येष्ठ नागरिक योजनेत पैसे ठेवायचे तर निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत. हे कुणी सांगत नाही आणि पैसे मात्र बचत खात्यात पडून राहतात.

विमा कंपनीची आयुष्यभराची पेन्शनही त्यांनी विचारली. तिचा फायदा असा, की दोघांपैकी कुणीही हयात असेपर्यंत मिळेल अशी घेता येते. तोटा असा, की रक्कम साधारणपणे तेवढीच राहते. सहा टक्के महागाई धरली, तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. म्हणून सगळं तिथे कोंबायला मी सहसा सांगत नाही.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट शेवटी निघाली. भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर वारसनोंद रिकामी होती आणि काकूंच्या आधारवर माहेरचं नाव. पेन्शनच्या १०-डी अर्जाला दोघांचा एकत्र फोटो लागतो, नावं जुळावी लागतात. घरातला माणूस गेल्यावर याच फरकापायी बायका महिनोन्महिने खेटे घालताना मी पाहिल्या आहेत. आधी तेवढं करा, बाकीचं नंतर, असं सांगून मी त्यांना सोडलं.

पुढच्या भेटीला काकूंचं आधार दुरुस्त झालं होतं. मुलाला दोन लाख द्यायचे की काहीच नाही, यावर दोघांचं अजून एकमत नाही. काका म्हणतात, "पोराला काय वाटेल?" काकू म्हणतात, "मी सांगते त्याला." तिघांनाही मी पुढच्या शनिवारी बोलावलं आहे.