किलिमांजारोच्या उतारावरच्या शेतकरी गावात मुक्काम करावा का? आम्ही शाकाहारी आहोत, जमेल का?

जमेल. आणि मुक्काम कराच. तुम्ही लिहिलंय की सफारीनंतर मोशीत (टांझानियातलं किलिमांजारोच्या पायथ्याचं शहर) दोन दिवस मोकळे आहेत, डोंगर चढायचा नाही आणि हॉटेलवाला अर्ध्या दिवसाची कॉफी टूर सुचवतोय. टूर वाईट नाही. मातेरुनी गावाला धबधबा दाखवतात, बिया उखळात कांडून, भाजून, गाणी म्हणत कॉफी पाजतात. पण ते बरंचसं पाहुण्यांसाठीच केलेलं असतं, आणि गावाची रोजची कामं पाहायची राहूनच जातात.

मी नोकरीमुळे दार-ए-सलामला राहतो. ऑफिसमधला एक मित्र उतारावरच्या मारांगू गावाकडचा, तिथल्या चाग्गा जमातीचा आहे, त्याच्या घरी राहून आलोय. तिथे घर आणि शेत वेगळं काढता येत नाही. घराभोवतीच्या बागेला किहांबा म्हणतात. वर सिल्व्हर ओकसारखी उंच झाडं, खाली केळी, केळीच्या सावलीत कॉफी आणि जमिनीलगत अळकुड्या, कोनफळं. वाडवडिलांच्या कबरीही त्याच बागेत, त्यामुळे जमीन विकायची गोष्ट कोणी सहज काढत नाही. रीतीप्रमाणे आईवडिलांचं घर धाकट्या मुलाकडे जातं. शिंब्वे जू गावच्या अशाच बागांना 2011 साली जागतिक कृषी वारशाचा दर्जा मिळालाय.

कॉफी इथे मिशनऱ्यांनी आणली, 19व्या शतकाच्या शेवटी. पुढे 1933 साली शेतकऱ्यांचा सहकारी संघही उभा राहिला. पण घर चालतं ते केळीवर. कच्ची केळी शिजवायची, पिकलेल्यांची दारू करायची, पानं आणि चिरलेले खुंट गुरांना, शेण परत केळीच्या बुडाशी. गुरं मोकळी चरायला सोडत नाहीत, गोठ्यातच असतात. म्हणून चारा खालच्या सखल भागातून वर आणावा लागतो, आणि तो डोक्यावरून आणतात बहुतेक बायकाच. सकाळी त्यांच्याबरोबर थोडं चाला. त्या भाऱ्यामागे किती चढ आहे ते पायांना कळेल.

दुसरं, पाट दाखवा म्हणा. स्थानिक शब्द म्फोंगो. जंगलातल्या ओढ्यांचं पाणी उतारावरून वळवत वळवत बागांपर्यंत आणलंय. हे पाट फार जुने आहेत, 19व्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनीही त्यांबद्दल लिहून ठेवलंय. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात, साफसफाईला घरटी माणूस द्यावा लागतो. यावर कोणाही म्हाताऱ्याला बोलतं करा, तासभर सुटका नाही! (भांडणं सगळी पाळीवरूनच. हे ऐकताना मला अजिबात परकं वाटलं नाही.)

जेवणाचं म्हणाल तर 'बिला न्यामा', म्हणजे मांसाशिवाय, हे आधी सांगून ठेवा. म्तोरी नावाचं केळ्यांचं दाट सूप सहसा मांस घालूनच करतात. पण कच्ची केळी आणि घेवडा एकत्र शिजवलेलं किबुरू, राजगिऱ्याच्या पाल्याची भाजी, उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड), अळकुड्या, चपाती यांवर पोट छान भरतं. म्बेगे, म्हणजे केळ्यांची दारू, समोर येईलच. पिकलेली केळी उकळून आंबवतात आणि त्यात मोड आणलेल्या नाचणीचं पीठ घालतात. चव आंबट, थोडी कडवट. नको असेल तर हसून नाही म्हणा, कोणी रागावत नाही. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातलीच, तिथूनच ती काही हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आली.

कुंपणाशी 'होडी' (येऊ का?) अशी हाक द्या, आतून 'करिबू' (या) आलं की मगच पाऊल टाका. वडीलधाऱ्यांना नमस्कार म्हणून 'शिकामो' म्हणा. फोटो विचारून. जाताना साखर आणि चहापत्ती न्या. मुलांच्या हातात पैसे देऊ नका, मुक्कामाचे पैसे घरच्या मोठ्यांशी आधीच ठरवा.

मोशीहून मारांगूला दालादाला (वडापची मिनीबस) मिळते, पुढे बोडाबोडा (मोटारसायकल टॅक्सी). मार्च ते मे मोठा पाऊस, वाटा चिखलाच्या, तेव्हा जाऊ नका. जून ते ऑक्टोबर बरा, जुलैपासून कॉफीची तोडणीही दिसते. वर गारठा असतो, स्वेटर लागेल. मोशीत मलेरिया आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या. आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा असेल तर सांभाळून. गणपतीला चाकरमानी कोकणात जातात तसे शहरांतले चाग्गा नाताळला घरी येतात. गाव तेव्हा फार मजेत असतं, पण दार-ए-सलामहून बसचं तिकीट मिळत नाही आणि घरोघरी माणसं भरलेली. राहायची जागा पक्की झाल्याशिवाय त्या दिवसांत निघू नका.