उप्सालातला डिसेंबर आणि लोणी घातलेली लापशी

नोव्हेंबरात पाच वर्षांच्या लेकीला घेऊन इथे स्वीडनमध्ये, उप्सालाला येताय, तर पहिलाच डिसेंबर अंधारात कसा काढायचा, आणि नाताळ आपला सण नसताना त्यात शिरणं उसनं वाटेल का, असं तुम्ही विचारलंय. माझे इथे आठ डिसेंबर झालेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अंधार खराच आहे. २१ तारखेच्या आसपास पावणेनऊ झाले तरी नीट उजाडलेलं नसतं आणि पावणेतीनच्या सुमाराला सूर्य बुडतो. बर्फ पडलं नसेल तर आणखीच काळोख. पण इथल्या गोष्टी ह्या काळोखातच जन्मल्यात. पहिल्या वर्षी मी घरातले सगळे दिवे लावून बसायचे. तसं करू नका.

आधी तोम्तेशी ओळख करून घ्या. शेतावरच्या गोठ्यात राहणारा, राखाडी कपड्यांतला बुटका म्हातारा. गुराढोरांवर लक्ष ठेवतो, पण मान राखला नाही तर बिथरतो. मी कुडाळची, त्यामुळे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. हा तर राखणदार! आमच्याकडे त्याला कोंबडा-नारळ, इथे नाताळच्या आदल्या रात्री तांदळाच्या लापशीची वाटी आणि वर लोण्याचा गोळा. एकदा म्हणे वाटीत लोणी दिसलं नाही म्हणून त्याने रागाने गाय मारली. मग खायला बसला, तर लोणी तळाशी! ओशाळून शेजाऱ्याची तसलीच गाय आणून गोठ्यात बांधली. त्या शेजाऱ्याचं पुढे काय झालं, हे माझा मुलगा दरवर्षी विचारतो.

लाल टोपी घालून भेटवस्तू वाटणारं त्याचं रूप नंतरचं. जेनी नीस्ट्रम ह्या चित्रकर्तीने १८८१पासून काढलेल्या चित्रांनी ते घरोघर पोचवलं. आता तो २४ तारखेला संध्याकाळी दार वाजवून विचारतो, 'इथे कोणी शहाणी मुलं आहेत का?' नेमके त्याच वेळी बाबा 'पेपर आणायला' बाहेर गेलेले असतात.

१३ डिसेंबरला लुसिया, म्हणजे संत लुसियाचा दिव्यांचा सण. जुन्या पंचांगात हीच वर्षातली सगळ्यात लांब रात्र मानायचे, आणि ह्या रात्री गोठ्यातली जनावरं माणसासारखी बोलतात असा समज होता. बालवाडीत मुलं पांढरे झगे घालून, हातात बॅटरीच्या मेणबत्त्या घेऊन, गात येतात. लुसिया झालेल्या मुलीच्या डोक्यावर दिव्यांचा मुकुट. कोणी तोम्ते होतो, कोणी आल्याच्या बिस्किटाचा माणूस. अंगणात कुडकुडत उभं राहून मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा शब्द एक कळला नव्हता, तरी रडले. झगा नोव्हेंबरातच घेऊन ठेवा, ऐन वेळी मापाचा मिळत नाही. त्या दिवशीचे इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले पाव केशराचे असतात आणि इथे केशर अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत, गल्ल्यापाशी ठेवून विकतात. सामानात घरची डबी टाका. शेजारणीला त्यातलं चिमूटभर दिलंत तर ओळख आपोआप होईल.

उसनं वाटण्याबद्दल: चर्चला जाणं न जाणं तुमच्यावर आहे, तोम्तेला धर्म विचारायची सवय नाही.

आता खटकणाऱ्या गोष्टी. २४ तारखेला दुपारनंतर शहर ओस पडतं. तीन वाजता सगळे टीव्हीसमोर, डोनाल्ड डकचा तोच तो कार्यक्रम बघायला. हे १९६०पासून चालू आहे. पहिल्या वर्षी कोणी घरी बोलावणार नाही, ते मनाला लावून घेऊ नका. दूध-भाजी २३लाच भरा. आमच्या पहिल्या वर्षी घरात फक्त पोहे होते.

त्याआधी एखाद्या शनिवारी, साधारण तासाभराच्या रेल्वेने येव्लेला जा (पैठणीचं येवलं नव्हे). चौकात नाताळसाठी गवताचा १३ मीटर उंच बोकड उभा असतो, १९६६पासून. जाळणं गुन्हा आहे, तरी अर्ध्याहून जास्त वर्षी कोणीतरी तो जाळलाय किंवा मोडलाय. लवकर जा, एवढंच म्हणेन.

आणि लापशीची वाटी बाहेर ठेवताना लेकीच्या हातून ठेवा, लोणी वर दिसेल असं. आमची सकाळी रिकामी असते. कोण खातं ते बघायला मी खिडकीशी कधी बसले नाही.