करिअर प्रश्नोत्तरे : पाणलोट विकासाच्या कामात शिरताना

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे. आमचा तालुका कायम टंचाईचा असल्याने पाणलोट विकासाच्या, म्हणजे पावसाचे पाणी शिवारातच अडवून मुरवण्याच्या प्रकल्पांचे व्यवस्थापन हेच करिअर करावे, असे मनात आहे. घरच्यांचे म्हणणे, सरकारी जागा निघेपर्यंत थांब. या क्षेत्रात भवितव्य आहे का? तयारी कशी करावी?
– एक वाचक, ता. आष्टी, जि. बीड

उत्तर : मृद व जलसंधारण विभागातील जलसंधारण अधिकारी या पदासाठी तुमची शाखा उपयोगी आहे, त्या परीक्षेचा अभ्यास अवश्य करा, पण जाहिरातीची वाट पाहत घरी बसू नका. स्वयंसेवी संस्थांतील नोकऱ्या बहुधा करारावर आणि प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात, सुरुवातीचा पगारही बेताचा असतो. त्यामुळे घरच्यांची काळजी रास्त आहे आणि घराची जबाबदारी लगेच तुमच्यावर येणार असेल, तर हा हिशेब आधी करावा.

सलग समतल चर, अनगड दगडी बांध, माती नालाबांध अशा पाणी अडवण्याच्या कामांची आखणी, अंदाजपत्रक आणि मोजमाप तुम्हाला लवकर जमेल. पदवीत जे फारसे शिकवले जात नाही ते भूजलशास्त्र. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्ट या काळ्या ज्वालामुखीजन्य खडकाच्या थरांवर वसलेला आहे आणि हे थर सारखे पाणी मुरवत नाहीत. खालचा खडक न पाहता बांधलेल्या सिमेंट नालाबांधात पाणी दिसते, पण विहिरीला त्याचा उपयोग होईलच असे नाही. पुण्याची ‘अॅक्वाडॅम’ ही संस्था या विषयात काम करते. तिच्या प्रशिक्षणांची चौकशी करा. पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे असल्यास आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्राचा विचार करावा, कारण तेथे ग्रामीण भागातील प्रत्यक्ष प्रश्नांवर काम करावे लागते.

मात्र माझ्या मते या व्यवसायाचा गाभा पाण्याच्या वाटपात आहे. माथा ते पायथा, म्हणजे आधी डोंगरमाथा आणि मग खालचे शिवार, या तत्त्वाने काम सुरू झाले की पहिली चराईबंदी माथ्यावर लागते. तिची झळ मेंढपाळाला आणि भूमिहीनाला बसते, तर वाढलेले पाणी पायथ्याच्या विहीरमालकाला मिळते. प्रकल्प व्यवस्थापकाने ही विषमता ग्रामसभेत उघडपणे मांडली नाही, तर चर बुजतात आणि कुऱ्हाड पुन्हा चालते. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरता कुटुंबातील माणसांवर ठरला, भूमिहीनांनाही हक्क मिळाला आणि उसाला मनाई झाली. हे नियम प्रत्येकाने मुळातून अभ्यासावेत, असे मला कळकळीने वाटते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावात पडलेल्या पावसावरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली जातात. हा ताळेबंद तुम्हाला आलाच पाहिजे. एका हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. म्हणून १,००० हेक्टरच्या शिवारात ४०० मिमी पाऊस झाला, तर ४०० कोटी लिटर पाणी पडले. त्यातले बाष्पीभवनात किती गेले, वाहून किती गेले, मुरले किती आणि उपसले किती, याचे उत्तर गावासमोर ठेवता येणे हेच तुमचे खरे कौशल्य ठरेल.

पहिली नोकरी निवडताना मुलाखतीत एक प्रश्न तुम्हीही विचारा : प्रकल्प संपल्यावर विहिरींची पातळी कोण मोजते? ज्या संस्थेकडे याचे स्पष्ट उत्तर असेल, तिचा पगार थोडा कमी असला तरी तीच निवडा. तोपर्यंत क्यूजीआयएस ही मोफत नकाशाप्रणाली शिकून घ्या. तालुक्यातील एखादे गाव निवडून तेथील विहिरींची पातळी पावसाळ्यानंतर आणि पुन्हा मे महिन्यात मोजा, त्यावरून गावाचा ताळेबंद तयार करा आणि तो प्रत्येक अर्जासोबत जोडा.